मला सांगता येणार नाही

आमच्या गावात कोर्टाचे शब्द सगळ्यांना येत होते. वाचता न येणारी माणसंसुद्धा 'स्टे', 'नक्कल', 'जप्ती', 'वकीलपत्र' हे शब्द भाकरी-कोरड्यासाइतक्या सहज वापरायची. चावडीसमोरच्या लिंबाखाली बसलेला एखादा म्हातारा 'पाचचा अर्ज मंजूर झाला' म्हणाला, की बाकीचे माना डोलवायचे. पाचचा अर्ज म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. दाव्याच्या कागदांत त्याला निशाणी पाच असा नंबर पडतो, म्हणून पाचचा. हे मला पुढं कळलं. त्या म्हाताऱ्याला ते आधीपासून ठाऊक होतं. माणदेशात पाऊस कमी आणि बांध जास्त. जिथं बांध तिथं दावा, असा हिशेब.

पण शब्द येणं आणि त्याचा अर्थ अंगाला लागणं, यात फरक आहे. मला एका शब्दाचा अर्थ कळायला पंचवीस वर्षं लागली. तो शब्द 'शाबीत'.

आमच्या रानाच्या वरच्या अंगाला नानांचं रान. नाना आमच्या भावकीतले नव्हेत, शेजारचे. पण आबांचं आणि त्यांचं इर्जिकीचं येणं-जाणं होतं. त्यांच्या रानात जायला वाट आमच्या मधल्या बांधाला लागून होती. गाडीवाट. दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा पट्टा. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि धाकटा भाऊ नानांच्या गाडीत मागं पाय सोडून बसायचो आणि ती वाट संपेस्तोवर उतरायचो नाही. चाकोरीत एका जागी खडक उघडा पडला होता. तिथं गाडी दणका द्यायची. तो दणका खायलाच आम्ही बसायचो.

1991 साली आबांनी डाळिंब लावायचं ठरवलं. सोसायटीचं कर्ज, ठिबकच्या नळ्या, सगळी जुळवाजुळव झाली. मोजमाप केलं तेव्हा वाटेची पट्टी धरली तर दोन ओळी जास्त बसत होत्या. आबांनी नांगर घातला. नाना आले, बांधावर उभे राहिले, म्हणाले, "दादा, माझी गाडी कुठनं न्यू?" आबा म्हणाले, "ओढ्याकडनं जा की. तिकडनं बी वाट हाय." होती, पण पावसाळ्यात ओढा उतरू देत नव्हता, आणि फेराही मोठा.

पुढं गावच्या शहाण्यासुरत्यांनी आठ महिने मिटवामिटवी केली. त्यात नानांचं एक नुकसान झालं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. वाट अडवली तर मामलेदार कोर्टाच्या 1906 च्या कायद्यानं तहसीलदाराकडं दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. मिटवणाऱ्यांच्या चहापाण्यात सहा महिने उलटून गेले. मग उरलं दिवाणी कोर्ट. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. नाना शहाणे होते, पण त्यांना दुसरी पायरी ठेवलीच नव्हती.

दाव्याची नोटीस घेऊन बेलिफ आला त्या दिवसापासून आमच्या घरात माणसांची नावं बदलली. नाना 'वादी' झाले, आबा 'प्रतिवादी'. आईला हे काही केल्या पटेना. ती म्हणायची, "वाद तर आपण घातला, मग वादी त्ये कशे?" त्यावर वकिलांकडंही उत्तर नव्हतं. ते हसले आणि म्हणाले, जो मागतो तो वादी.

मग कैफियत लिहायची वेळ आली. नानांच्या वादपत्रातला एकेक कलम वकील वाचायचे आणि खाली लिहून घ्यायचे, 'सदर मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' पहिल्या कलमात नुसत्या चतुःसीमा होत्या. तेवढ्या कबूल केल्या. बाकी सगळं नाकबूल. आबा जरा चुळबुळले. "साहेब, वाट व्हती म्हंजे तशी…" वकील म्हणाले, "तुम्ही फक्त सही करा. आपण लिहिलंय, वाट नव्हतीच. आणि असलीच, तर ती तुमच्या परवानगीनं होती, हक्कानं नव्हती." आबांना ते ऐकून हसू आलं. "नव्हती, आन् असलीच तर…?" एका तोंडानं दोन्ही कसं बोलायचं, असं त्यांना वाटलं असणार. कायद्याला त्याचं वावडं नाही. त्याला पर्यायी बचाव म्हणतात.

या 'परवानगी' आणि 'हक्क' या दोन शब्दांवर आमचा सगळा दावा उभा राहिला, म्हणून त्यांच्याविषयी जरा सांगतो. 1882 चा वहिवाटीच्या हक्कांचा कायदा आहे. दुसऱ्याच्या रानातून कुणी वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि 'हक्कानं' जात असेल, तर ती वाट त्याची होते. रान त्याचं होत नाही, वाट होते. पण तो जर मालकाच्या परवानगीनं जात असेल, तर वीस काय, पन्नास वर्षं गेला तरी त्याचा हक्क होत नाही. ऐकायला सरळ आहे. अडचण अशी, की आमच्या गावात वाटेनं जाताना कुणी परवानगीही मागत नव्हतं आणि कुणी हक्कही सांगत नव्हतं. माणसं नुसती जात होती. वाट आहे म्हणून जायचं. त्या जाण्याला काय म्हणायचं, हा प्रश्न गाव वसल्यापासून कुणाला पडला नव्हता.

नानांनी साक्षीला एक मेंढकं आणलं. साठी ओलांडलेला साधा माणूस. त्यानं सरळ सांगितलं, मी ल्हान व्हतो तवापासनं नानांची गाडी तिकडनंच जात्या. मग आमच्या वकिलांनी उलटतपास सुरू केला. आवाज अगदी मऊ.

"बाबा, गावात एकमेकांच्या रानातनं माणसं जातात का?"

"जात्यात की."

"कुणी अडवतं का?"

"कशापायी अडवतील?"

"म्हणजे सगळे एकमेकांना जाऊ देतात?"

"व्हय. गाव हाय त्ये."

साहेबांनी टंकलेखकाला सांगून घेतलं: 'हे म्हणणे खरे आहे की, गावातील लोक परस्परांच्या संमतीने एकमेकांच्या शेतातून जा-ये करतात.' म्हातारा खूश होऊन खाली उतरला. त्याला वाटलं, आपण नानांचं काम केलं. आमच्या वकिलांनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. 'जाऊ देतात' या एका शब्दात हक्काची परवानगी झाली होती. गाव भलं होतं, हीच गोष्ट नानांच्या विरोधात पुरावा म्हणून लागली. आबांच्या बापानं जर वाटेत काठी आडवी धरली असती, भांडण झालं असतं, आणि तरीही नानांचा बाप गाडी घालून गेला असता, तर कदाचित तो हक्क ठरला असता. हे मला त्या दिवशी कळलं आणि मी चक्रावून गेलो. अजूनही आहे.

कोर्टानं पाहणीसाठी कमिशनर नेमला होता. तो आला तेव्हा डाळिंबाच्या रोपांना पालवी फुटलेली. त्यानं टेप लावली, नकाशा काढला आणि लिहिलं, 'पाहणीच्या दिवशी सदर ठिकाणी वाट दिसून आली नाही.' तेही खरंच. गावनकाशावरही तिथं तुटक रेघ नव्हती. खडक मात्र अजून होता, दुसऱ्या ओळीत, एका झाडाच्या आळ्याला टेकून. कमिशनर त्याच्यावरच बसून चहा प्याला.

माझी साक्ष 1997 साली झाली. मी बावीस वर्षांचा होतो, नुकता बी.ए. झालेलो. तेव्हा सरतपाससुद्धा कोर्टात तोंडी व्हायचा. 2002 नंतर तो प्रतिज्ञापत्रावर लिहून देतात. पट्टेवाल्यानं पुकारा केला, मी पिंजऱ्यात गेलो. सिनेमात गीतेवर हात ठेवतात तसलं काही नव्हतं. पट्टेवाल्यानं भराभर म्हणून दाखवलं, देवाशपथ खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. मी म्हटलं. 1969 च्या शपथ कायद्यात शपथेचा नमुना दिलेला आहे. त्यात खरं, संपूर्ण खरं आणि खऱ्याशिवाय काही नाही, असे तीन तुकडे आहेत. आमच्याकडच्या घाईच्या म्हणण्यात मधला तुकडा गळाला होता. मला तो तेव्हा माहीतही नव्हता. आणि खरं सांगायचं तर तोच गळाला हे माझ्या पथ्यावर पडलं.

आदल्या संध्याकाळी वकिलांनी मला बसवून समजावलं होतं. "तू आठवीपासून तालुक्याला बोर्डिंगात होतास. बरोबर? मग वाटेचं तुला काय माहीत? खोटं बोलायचं नाही. फक्त म्हणायचं, मला सांगता येणार नाही." मला ते फार सोयीचं वाटलं. खोटी साक्ष हा गुन्हा आहे, त्याला दंडसंहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, एवढं मी वाचलं होतं. पण 'सांगता येणार नाही' म्हटल्यावर कोण काय करणार?

नानांच्या वकिलांनी विचारलं, "1991 पूर्वी या बांधाकडेनं नानांची बैलगाडी जात होती, हे खरं आहे का?"

नाना मागच्या बाकावर बसले होते. फेटा मांडीवर. माझ्याकडं बघत होते, पण रागानं नव्हे. पोरगं परीक्षेला बसलंय आणि येईल त्याला उत्तर, असं काहीसं त्यांच्या तोंडावर होतं.

मी म्हटलं, "मला सांगता येणार नाही."

टंकलेखन यंत्र खडखडलं. मी खाली उतरलो. पाच मिनिटंही लागली नसतील.

मराठीत या वाक्याला दोन अर्थ आहेत. एक, मला माहीत नाही. दुसरा, माहीत आहे, पण तोंडातून निघत नाही. कोर्टानं पहिला लिहून घेतला. दुसराही खोटा नव्हता. साक्ष या शब्दात अक्ष आहे, म्हणजे डोळा. ज्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं तो साक्षी. मी नुसतं पाहिलंच नव्हतं, बुडाखाली त्या खडकाचा दणका खाल्ला होता.

1998 साली निकाल लागला. दावा खर्चासह नामंजूर. वकिलांनी पेढे मागवले. आबांनी एक घेतला, पण खिशात ठेवला. घरी येताना एस.टी.त त्यांनी मला विचारलं, "शाबीत झालं न्हाय म्हंजे रं काय?"

मी पढीक उत्तर दिलं, "म्हणजे ते सिद्ध करू शकले नाहीत."

"म्हंजे वाट नव्हती, असं म्हणलं का साहेब?"

"तसंच झालं की."

"तसं म्हणलं का?" आबांनी परत विचारलं. मी गप्प बसलो.

त्यांना काय विचारायचं होतं ते मला निकालाची नक्कल नीट वाचल्यावर कळलं, आणि ती मी वाचली आबा गेल्यावर, पेटीतले कागद लावताना. दिवाणी निकालात आधी 'मुद्दे' लिहितात आणि समोर उत्तरं. पहिला मुद्दा असा होता: 'वादी हे शाबीत करतात काय, की सदर वाट ते वीस वर्षांपासून अखंडपणे व हक्काने वापरत आहेत?' उत्तर: नकारार्थी. वाट होती काय, असा प्रश्न कोर्टानं स्वतःला विचारलाच नव्हता. वादी शाबीत करतात काय, एवढंच विचारलं होतं. शाबितीचा भार नानांवर होता. त्यांना तो पेलला नाही, बस्स.

1872 च्या पुराव्याच्या कायद्यात याच्या तीन व्याख्या शेजारी शेजारी होत्या. शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेलं. 2024 च्या जुलैपासून त्या कायद्याच्या जागी नवा साक्ष अधिनियम आला, त्यातही या तिन्ही आहेत. गोष्ट आहे असं पटलं तर शाबीत. नाही असं पटलं तर नाशाबीत. आणि यातलं काहीच धड पटलं नाही, तर तिसरं. मला या तिसऱ्या शब्दाचं मोठं कौतुक वाटतं. एवढा मोठा डोलारा, काळे कोट, शिपाई, शिक्के, आणि तरी कायदा स्वतःच लिहून ठेवतो, की काही गोष्टी माझ्यापुढं कळणार नाहीत. गावात आम्हांला एवढी लाज नसते. आमच्याकडं दोनच शब्द, खरं आणि खोटं.

आणि तिसऱ्या शब्दाला आम्ही सोयीप्रमाणं वाकवतो. आमच्या गावातल्या एका पोरावर मोटारचोरीचा खटला झाला होता. विहिरीवरची मोटार. कोर्टानं संशयाचा फायदा देऊन सोडला. चोरी शाबीत झाली नाही. पण तो पोरगा पुढं दहा वर्षं 'मोटारवाला'च राहिला. त्याला सोयरीक मिळेना. तिथं शाबीत न झालेलं म्हणजे 'केलंच असणार, सुटला'. 'आरोपी' शब्दाचा अर्थ ज्याच्यावर आरोप आहे तो, एवढाच. पण आमच्या कानाला तो गुन्हेगारच ऐकू येतो. आणि इकडं आमच्या दाव्यात नानांची वाट शाबीत झाली नाही, तर गाव म्हणालं, नाना खोटा पडला. गरिबाच्या पोराला एक अर्थ आणि डाळिंबवाल्याला दुसरा. कोर्टानं दोन्हीकडं एकच गोष्ट म्हटली होती, की मला कळलं नाही.

कोर्टाला कळलं नाही तर ते क्षम्य आहे. ते कधी त्या गाडीत बसलं नव्हतं. पण ज्याला ठाऊक आहे, त्याला हा निकाल कसा लागू पडतो? मी कितीदा तरी स्वतःशी वकिली केली. म्हटलं, प्रश्न नुसता वाट होती का एवढा नव्हता, हक्कानं होती का हा होता, आणि ते मला बावीस वर्षांच्या पोराला काय ठाऊक? माझ्या उत्तरानं निकाल फिरलाही नसता. म्हातारा मेंढका आधीच 'जाऊ देतात' म्हणून बसला होता. हे सगळे मुद्दे चांगले आहेत. वरच्या कोर्टातही टिकतील. पण मला विचारलं होतं ते एवढंच, की गाडी जात होती का. आणि ती जात होती.

नानांनी अपील केलं नाही. जिल्ह्याच्या कोर्टात जायला तीस दिवस असतात. एकतिसाव्या दिवशी आबा दिवसभर ओट्यावर बसून होते. मला वाटलं, सुटलो म्हणून निवांत बसलेत. आता वाटतं, त्यांना अपील व्हायला हवं होतं. पुढं नाना ओढ्याकडनं जात राहिले. एका पावसाळ्यात त्यांचा बैल ओढ्याच्या उतारावर पाय मोडून बसला. त्याबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. आबांच्या दहाव्याला आले, नेहमीसारखे पुढं होऊन काम केलं आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तेव्हा काही बोलायला हवं होतं. दोन वर्षांनी नानाही गेले.

डाळिंबाचं पुढं तेल्यानं वाटोळं झालं. झाडं उपटली, तारेचं कुंपण तेवढं राहिलं. गेल्या वर्षी मी नानांच्या पोराला बोलावून म्हटलं, "बाबा, तार काढतो. तू खुशाल इकडनं ट्रॅक्टर घेऊन जात जा."

तो वाळकं काडूक मोडत उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, खुशाल जा म्हंजे परवानगी झाली. उद्या तुमची पोरं न्हाय म्हणली, मग? लिहून द्या."

बापाच्या दाव्यात तो सगळ्या तारखांना हजर असायचा. शिकला होता. आणि मी, कबूल करतो, चार दिवस गप्प बसलो. परवानगी द्यायला माझं मन मोठं झालं होतं. हक्क द्यायचा म्हटल्यावर पोटात खड्डा पडला. लिहून दिलं, तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद येणार, रानाचा भाव उतरणार. परवानगीत माझा हात वर राहतो. हक्कात दोघांचे सारखे. आमच्या वकिलांनी पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वी नेमका कुठं बोट ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

पाचव्या दिवशी दस्तलेखकाकडं गेलो. त्यानं मसुदा केला, लिहिता लिहिता विचारलं, "वाट कधीपासून देताय? आजपासून लिहितो."

"नाही. पूर्वापार लिहा."

"पूर्वापारला काय अर्थ नाही साहेब. एक साल सांगा. कधीपासून बघताय तुम्ही गाडी?"

मी पाच-सहा वर्षांचा असेन तेव्हाचं पहिलं आठवतं. म्हटलं, "1980 पासून. मी बसलोय त्या गाडीत." तो म्हणाला, बसल्याचं लिहायची गरज नाही.

दस्त तयार आहे, अजून नोंदवायचा आहे. रान दोघां भावांच्या नावावर, त्यामुळं धाकट्याची सही लागते. तो पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, "अरे, कोर्टानं दिलंय ना आपल्याला? वाट नव्हती म्हणून निकाल आहे." मी त्याला शाबीत, नाशाबीत आणि तिसरं असं समजावायला लागलो, तर म्हणाला, मीटिंगमध्ये आहे, दिवाळीला आल्यावर बोलू. मी विचारलं, "तुला तो खडक आठवतो का? गाडी दणका द्यायची तो?"

जरा वेळ तिकडनं काही आवाज आला नाही. मग म्हणाला, "आठवतो की."

तार मी काढून ठेवली आहे. पेरणी तोंडावर आली, तेव्हा नानांच्या पोरानं सहीची वाट बघितली नाही. परवा सकाळी तो ट्रॅक्टर घेऊन तिकडनं गेला. मी ओट्यावर होतो. मला विचारलं नाही, मीही काही म्हटलं नाही.